जिन्यात होकार, सभेत मौन

प्रश्न असा आहे. पुण्यातील कर्वेनगरच्या एका सहकारी गृहरचना संस्थेचे सचिव एका लांब पत्रात लिहितात: "आमची इमारत तीस वर्षांची, तळमजला अधिक तीन मजले, ३२ सदनिका. लिफ्ट नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक सभासद 'आता लिफ्ट हवीच' असे म्हणतो. पण तीन सर्वसाधारण सभांत विषय मांडला आणि तिन्ही वेळा तो बारगळला, कारण हात वर करणारे चार-पाचच निघाले. थकबाकीदारांना वचक बसावा म्हणून २१ टक्के व्याज लावले, तर थकबाकी वाढली. आमच्याकडे प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, दोन अभियंते आहेत. एवढी सुशिक्षित माणसे अशी का वागतात, आणि आम्ही करायचे काय?"

मी मूळचा लेखापरीक्षक. गेली सव्वीस वर्षे पुण्यातील गृहरचना संस्थांचे हिशेब तपासतो आणि त्या निमित्ताने त्यांच्या सभांना बसतो. अलीकडे माझा वेळ वहीखात्यांपेक्षा सभांमध्येच अधिक जातो, कारण संस्थेचे पैसे कुठे अडले हे खात्यात दिसते, पण ते का अडले हे सभेतच कळते. आपल्या प्रश्नातला 'सुशिक्षित' हा शब्द मी सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. प्राध्यापकांनी भरलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत आणि रिक्षाचालक व गिरणी कामगारांनी उभ्या केलेल्याही. सभेतल्या मौनात मला कधी फरक आढळला नाही. फरक असलाच तर एवढाच की, शिकलेला माणूस आपल्या गप्प राहण्याला कारणे अधिक चांगली देतो.

हात वर करण्याची क्रिया एकदा जवळून पाहा. अध्यक्ष "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा" असे म्हणतात, तेव्हा हात आधी हलत नाही, मान आधी वळते. सहकारनगरातील एका संस्थेच्या सभेत मी हे पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाहिले होते. माझ्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी कोपर मांडीवरून उचलले, बोटे कानापर्यंत आली, त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि तोच हात चष्मा सारखा करून खाली आला. त्यांच्या डावीकडील गृहस्थही त्याच क्षणी त्यांच्याकडेच पाहत होते, हे त्यांना दिसले नाही. सहा हात वर झाले आणि ठराव पडला. चहा येईपर्यंत मी माझ्या जवळच्या कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या, अध्यक्षांच्या परवानगीने सर्वांना वाटल्या आणि नाव न घालता केवळ 'हो' किंवा 'नाही' लिहायला सांगितले. हजर असलेल्या २७ जणांपैकी २१ जणांनी 'हो' लिहिले. अर्ध्या तासात कोणाचेही मत बदलले नव्हते. आधी मोजले गेले होते ते मत नव्हते. शेजाऱ्याचे मत काय असेल याविषयीचा प्रत्येकाचा अंदाज मोजला गेला होता.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग याच जातीचे आहेत. कागदावरील तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढाच प्रश्न होता आणि उत्तर उघड्या डोळ्यांना दिसत होते. खोलीतील इतर सर्व जण मात्र प्रयोगकर्त्याने आधी पढवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवून गटाचे उत्तर दिले. या प्रयोगाची ही बाजू सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र त्याच मालिकेतली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते: पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी गटामागे जाण्याचे प्रमाण एकदम कोसळत असे. गप्प बसलेल्या माणसाला बहुमत लागत नाही, एक सोबती लागतो. म्हणून सभेत कोण आधी बोलतो याला मी विषयपत्रिकेपेक्षा अधिक महत्त्व देतो. पहिल्या रांगेतील ज्येष्ठ सभासद "खर्चाचा विचार केला आहे का?" असे म्हणून मोकळे झाले की, पुढची वीस मिनिटे सर्व जण त्या वाक्याभोवती फिरत राहतात, आणि गंमत म्हणजे त्या ज्येष्ठांना विरोध करायचाच नसतो, त्यांनी खरोखरच प्रश्न विचारलेला असतो.

तरीही, लिफ्टच्या बाबतीत सर्वांत जास्त गरज असलेली माणसे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सभासद, सभेत का बोलत नाहीत हे एवढ्याने उलगडत नाही. मला ते उलगडायला बरीच वर्षे लागली आणि ते एका स्टुलामुळे उलगडले. एका संस्थेत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर निळे प्लॅस्टिकचे स्टूल ठेवलेले असे. ते कोणी ठेवले हे कोणालाच माहीत नव्हते आणि ते उचलून न्यावे असेही कोणाला वाटले नव्हते. एका सकाळी मी गच्चीवरील टाकी पाहायला वर जात असताना तिसऱ्या मजल्यावरील एक काकू दुधाची पिशवी मांडीवर घेऊन त्यावर बसलेल्या होत्या. मला पाहताच त्या झटकन उठल्या आणि म्हणाल्या, "चपलेचा पट्टा बघत होते." पट्टा शाबूत होता. त्याच काकू सभेत "आमचं काही नाही हो, आम्हाला सवय आहे, ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी करा" असे म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य ऐकून तळमजल्यावरील मंडळींनी, वरच्यांनाच नको आहे तर आपण का भरायचे, असा अगदी सरळ निष्कर्ष काढला होता.

लिफ्टच्या बाजूने हात वर करणे म्हणजे माझे गुडघे गेले हे बत्तीस कुटुंबांसमोर मान्य करणे. ज्या शहरात सत्तरी ओलांडलेली माणसे रोज पहाटे हनुमान टेकडी चढून आल्याचे अभिमानाने सांगतात, तेथे ही कबुली स्वस्त नसते. माणूस सभेत मत देताना केवळ फायदा-तोटा पाहत नाही. त्या मतातून आपण कोण आहोत असे दिसेल, हेही तो पाहतो, आणि पुष्कळदा हाच हिशेब जड भरतो. त्यामुळे आपण पुढील सूचनापत्रात 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी लिफ्ट' असे लिहिले असेल तर ते शब्द आधी काढावेत. सिलिंडर, सामान, आजारपणात लागणारे स्ट्रेचर, पुढेमागे सदनिका विकताना मिळणारी किंमत, यांपैकी काहीही लिहिले तरी चालेल. काकूंना स्वतःसाठी लिफ्ट मागता येत नाही, पण सिलिंडरसाठी निश्चित मागता येते.

आता तळमजला. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहरचना संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येप्रमाणे, सेवाशुल्क समान. नियम स्पष्ट आहेत. परंतु नियम वाचून दाखवल्याने एखाद्याला ते न्याय्य वाटू लागतात, असा माझा अनुभव नाही. वेर्नर ग्युथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली जर्मनीत एक साधा खेळ मांडला. दोघांपैकी एकाने ठरावीक रक्कम वाटायची, दुसऱ्याने ती वाटणी स्वीकारायची किंवा नाकारायची, आणि नाकारली तर दोघांनाही काही मिळणार नाही. निव्वळ हिशेबाने पाहिले तर दुसऱ्याने मिळेल ते घ्यायला हवे. पुढे अनेक देशांत हा खेळ खेळला गेला, तेव्हा असे दिसले की, वाटा पाचव्या हिश्शाहून कमी असेल तर साधारण निम्मे लोक तो नाकारतात. अपमान गिळण्यापेक्षा नुकसान सोसणे माणसाला परवडते, आणि आपल्या गृहरचना संस्थांच्या फायली या वाक्याच्या पुराव्यांनी भरलेल्या आहेत. अशा एका संस्थेत तळमजल्यावरील आठ जणांना आम्ही वर्गणीचा आकडा सांगितलाच नाही. त्यांना वेगळे बसवून "आपल्या मते आपला वाटा किती असावा?" एवढेच विचारले. शून्य कोणीच म्हटले नाही. भांडवली खर्चात वरच्यांच्या निम्मा वाटा, असा प्रस्ताव त्यांच्यातूनच आला आणि तो सभेत त्यांच्यातल्याच एकाने मांडला. वर्षभर आधी समितीने नेमका हाच आकडा सुचवला होता, तेव्हा मात्र तो 'लादलेला' ठरून फेटाळला गेला होता.

व्याजाविषयी आपल्याला जे नवल वाटले, ते इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांना फार पूर्वी वाटून गेले आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा पाळणाघरे होती. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांपैकी सहा ठिकाणी दहा मिनिटांहून अधिक उशिरासाठी १० शेकेल दंड लावण्यात आला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाले. दंड नव्हता तेव्हा उशीर झालेल्या आईबापांना ताटकळलेल्या बाईंच्या नजरेला नजर द्यावी लागत असे. दंड आल्यावर त्या नजरेची किंमत ठरली आणि ती परवडण्याजोगी निघाली. सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, दंड पुढे रद्द केला तरी पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात.

आपल्या संस्थेचा हिशेब मांडून पाहा. देखभाल शुल्क समजा महिना २,५०० रुपये आहे. त्यावर २१ टक्के दराने एका महिन्याचे व्याज होते ४३ रुपये ७५ पैसे. पूर्वी आपण स्वतः संध्याकाळी बेल वाजवून "या महिन्याचं राहिलं वाटतं" असे म्हणत होता, आणि समोरचा माणूस ओशाळून दुसऱ्या दिवशी चेक आणून देत असे. आता ४३ रुपयांत त्याने ते ओशाळणे विकत घेतले आहे. एका थकबाकीदाराने मला अगदी सरळपणे सांगितले होते, "व्याज देतोय ना? मग बोलायचं काम नाही." त्याच्या दृष्टीने तो थकबाकीदार राहिलाच नव्हता, संस्थेचा कर्जदार झाला होता, आणि कर्जदाराला मान असतो. व्याज रद्द करा असे मी म्हणत नाही, कारण वर्षानुवर्षे पैसे न देणाऱ्यासाठी ते हवेच, आणि त्याच्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील कलम १५४ब-२९ खालील वसुली दाखल्याचा मार्गही आहे. परंतु पहिल्या दोन महिन्यांच्या चुकीसाठी व्याजाच्या बिलापेक्षा बेल अधिक उपयोगी पडते. धुळे-नाशिक भागातील जुन्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनव्यवस्थेत, पाण्याच्या पाळीवर देखरेख ठेवणारा माणूस गावातलाच असे. सामुदायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९चे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनाही जगभरच्या टिकून राहिलेल्या व्यवस्थांत हेच आढळले होते: लक्ष ठेवणारा आपल्यातला, आणि शिक्षा आधी हलकी, मग हळूहळू कडक.

याच संदर्भात आपल्या सूचना फलकावर काय लिहिले आहे ते एकदा तपासा. 'अनेक सभासद देखभाल शुल्क वेळेवर भरत नाहीत, ही खेदाची बाब आहे' असे काहीसे लिहिलेले असेल, असा माझा अंदाज आहे. पुणेरी पाटीची धार आपल्याला प्रिय असते, त्यात आणखी एखादा टोमणाही असेल. पण त्या पाटीवरून वाचणाऱ्याला कळते काय? न भरणारे अनेक आहेत, म्हणजे आपण एकटे नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचे एक राष्ट्रीय उद्यान आहे, तेथून पर्यटक लाकडाचे तुकडे उचलून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तेथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'यापूर्वीच्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे' अशा अर्थाची पाटी असताना वाटेवर मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. 'कृपया नेऊ नका' एवढीच साधी विनंती असताना २ टक्क्यांहूनही कमी. आपल्या ३२ पैकी २६ जण वेळेवर पैसे भरत असतील, तर फलकावर तेच लिहावे. अट एकच, तो आकडा खरा हवा. सोसायटीत खोटा आकडा आठवडाभरही टिकत नाही.

सभासद आळशी आहेत, असेही आपण पत्रात पुढे लिहिले आहे. माझ्या मते तो आळस नसतो. पुणे महापालिकेची स्वतः राहत असलेल्या घरावरील मिळकतकराची ४० टक्के सवलत मध्यंतरी थांबली होती, ती २०२३ साली पुन्हा सुरू झाली. ज्यांची सवलत आधीपासून चालू होती त्यांना काहीच करावे लागले नाही. ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ हा अर्ज भरून द्यायचा होता. सवलत दरवर्षीची, रक्कम हजारांत, आणि तरीही अर्जाची मुदत वाढवावी लागली. माझ्या परिचयातील एका सनदी लेखापालांनी तो अर्ज शेवटच्या दिवशी भरला. काहीच न केल्यास जे आपोआप घडते, तेच बहुतेकांच्या बाबतीत घडते. जर्मनीत अवयवदानासाठी स्वतःहून नाव नोंदवावे लागे, तेथे संमतीचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर संमती धरली जाई, तेथे ते ९९ टक्क्यांहून अधिक होते, असे २००३ सालच्या एका प्रसिद्ध तुलनेत दिसले. दोन शेजारी देशांच्या करुणेत एवढे अंतर नसते, ते अर्जाच्या नमुन्यात होते.

आपल्या सभेचे गणितही असेच आहे. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असलेली संख्या लागते. ती न झाल्यास अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच ठिकाणी भरते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. हे सूचनापत्रात छापलेले असल्यामुळे शहाणा सभासद अर्धा तास उशिराच येतो, आणि वेळेवर आलेले पाच जण पुढच्या वेळी शहाणे होतात. पुनर्विकासाचा विषय असता तर प्रकरण याहून अवघड होते, कारण ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार तेथे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. म्हणजे घरी बसून राहिलेला सभासद कागदावर आपोआप विरोधक ठरतो.

एक कबुली येथे द्यायला हवी. अशा अभ्यासांतील जे वाचले ते सर्व मी भाबडेपणाने वापरून पाहिलेले आहे. सदनिका भाड्याने दिली असेल तर बिनभोगवटा शुल्क द्यावे लागते, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. तेवढ्यासाठीही लोक भाडेकरूला 'भाचा' म्हणून दाखवतात. घोषणापत्रावर सही शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर माणसे अधिक खरे लिहितात, असा एक अभ्यास २०१२ साली गाजला होता. मी चार-पाच संस्थांचे अर्ज त्याप्रमाणे बदलून घेतले. भाचे कमी झाले नाहीत. पुढे २०२१ साली त्या अभ्यासातील आकडेवारीच बनावट असल्याचे उघड झाले आणि तो मागे घेण्यात आला. तेव्हापासून, जे मी एखाद्या पार्किंगमध्ये स्वतः घडताना पाहिलेले नाही ते छापून आले असले तरी संस्थेला सुचवत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, रागावू नये. आपल्या पत्रात 'आम्ही समितीने' अकरा वेळा आले आहे आणि 'सभासदांनी' जेथे आले आहे तेथे पुढे नकार आहे. १९७९ साली रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना घरातील कामांतला आपापला वाटा विचारला होता, तेव्हा नवरा-बायकोच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. खोटे कोणीच बोलत नव्हते. आपण केलेले काम आपल्याला आठवते आणि दुसऱ्याने केलेले दिसलेलेच नसते. प्रत्येक समितीच्या बाबतीत ही बेरीज मी दीडशेच्या वर धरतो. सभासदांना समितीचे कष्ट दिसत नाहीत, हे खरे. परंतु तिसऱ्या मजल्यावरून रोज दोनदा उतरणाऱ्या माणसाचे कष्टही समितीच्या इतिवृत्तात कधी लिहिले गेलेले नाहीत.

पुढील सभेपुरते सांगायचे तर क्रम असा ठेवावा. सभेपूर्वी पंधरा दिवस चिठ्ठ्यांची पेटी जिन्याखाली ठेवून केवळ कल घ्यावा आणि जो आकडा येईल तो, अनुकूल असो वा प्रतिकूल, फलकावर लावावा. तळमजल्याची वेगळी बैठक आधी घ्यावी आणि तेथे आकडा आपण बोलू नये. स्थापत्य अभियंत्याचा अहवाल आणि महापालिकेच्या परवानगीची माहिती सूचनापत्रासोबतच घरोघरी द्यावी, म्हणजे सभेत 'पाया पेलेल का' या प्रश्नावर तासभर जाणार नाही. सभेत पहिले बोलणे समितीबाहेरच्या व्यक्तीचे असावे, जिला खरोखरच लिफ्ट हवी आहे आणि तसे म्हणायची जिची तयारी आहे. अशी एकच व्यक्ती पुरते. ठरावावरचे मतदान मात्र हात वर करूनच घ्यावे, कारण इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि संख्या स्पष्ट लागतात. पेटीतला आकडा फलकावर वाचून आलेला माणूस हात वर करताना शेजाऱ्याकडे पाहतो खरा, पण तो हात चष्म्यापाशी थांबत नाही.

आणि दरम्यान, आपल्या जिन्यात कोठे एखादे स्टूल आढळले, तर ते कोणाचे आहे याची चौकशी करू नका, ते तसेच राहू द्या.